जत्रेतली तलवार

मी तलवार आहे, पण माझ्या अंगाला कधी रक्त लागलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तलवार म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरतात. माझा जन्म लढाईसाठी झालाच नव्हता. लष्करातल्या अधिकाऱ्याने संचलनात मला कमरेला लावायचं, हुकूम झाला की उपसून चेहऱ्यासमोर उभं धरायचं आणि मग माझं टोक जमिनीकडे झुकवून मानवंदना द्यायची, एवढंच माझं काम. म्हणून मला धारही लावलेली नाही.

उत्तरेकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कारखान्यात मी घडले. पात्यावर वेलबुट्टी कोरली, मुठीला तार गुंडाळली, आणि ज्या तरुण अधिकाऱ्यासाठी मला घडवलं त्याचं आडनाव मुठीखाली कोरलं. कारखानीस. पुढे ते मेजर झाले.

मला पुसायचं काम त्यांनी रावजींकडे दिलं. मंडणगडाकडच्या एका डोंगरातल्या गावचा हा जवान तेव्हा नुकताच पलटणीत आला होता. साहेब त्याला म्हणाले होते, "रावजी, हिच्यावर बोटाचा ठसा दिसला तर तो तुझाच समजेन मी." तो ठसा साहेबांना कधी दिसला नाही. मऊ फडक्याने मला पुसताना रावजी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचे.

रावजींचे वडील वारल्याची तार आली, तेव्हा साहेबांनी रजेच्या कागदाची वाट पाहिली नाही. स्वतः जीप काढली आणि त्यांना स्टेशनवर नेऊन सोडलं. रावजी ते कधी विसरले नाहीत. मीही नाही, कारण परत आल्यावर त्यांनी मला पुसायला घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि हात मात्र नेहमीसारखाच सावकाश फिरत होता.

बरीच वर्षं गेली. साहेब निवृत्त होऊन पुण्यात राहिले, रावजी हवालदार होऊन गावी परतले. मग साहेब गेले. घरच्यांना भेटायला म्हणून रावजी पुण्याला आले, तर घर रिकामं करणं चाललं होतं. साहेबांची मुलगी परदेशी निघाली होती. मी खुर्च्या आणि पितळी भांड्यांच्या ढिगावर आडवी पडले होते आणि जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मला उलटसुलट करून बघत होता. अशा तलवारींच्या हुबेहूब नकला त्याच्या दुकानात बऱ्याच होत्या म्हणे, पण खरी मिळणं कठीण.

रावजींनी मला ओळखलं. मुलीने त्यांना मला तशीच घेऊन जायला सांगितलं. रावजींनी हात जोडले.

"ताई, साहेबांची वस्तू मी फुकट नेणार नाय. विकत घेईन. म्हणजे हिची जबाबदारी माझी."

व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत त्यांनी साहेबांच्या मुलीला दिली. पुढे बरेच महिने त्यांच्या घराच्या गळक्या कौलांची दुरुस्ती झाली नाही, त्यावरून मला काय तो अंदाज आला.

एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं, घोंगडीत गुंडाळून. घरी तुळसाबाईंनी मला पाहिलं आणि लोखंड आणायला एवढ्या लांब कशाला गेलात, असं विचारलं. पण खंडेनवमीला कोयत्या-कुऱ्हाडींच्या रांगेत त्यांनी मलाही मांडलं, हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. पलटणीत मला मान होता. घर मला तिथे मिळालं.

ओटीवरच्या भिंतीवर मी टांगलेली असायची. येणारा-जाणारा पहिला प्रश्न तोच विचारायचा, खरी आहे का? रावजी मला खाली काढायचे, साहेबांचं नाव दाखवायचे आणि म्हणायचे, "हात लावून बघ. नक्कल अशी थंड लागत नाय." सव्वीस जानेवारीला शाळेतली मुलं रांगेने मला बघायला यायची. अख्ख्या पंचक्रोशीत खरी तलवार असलेलं एकच घर होतं. रावजींची मान त्यामुळे थोडी ताठ झाली होती, आणि माझीही.

त्यांचा मुलगा विनीत खेडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मुलगा वाईट नाही. पण तिथल्या एका पुढाऱ्याच्या मागेपुढे असायचा. सगळे त्या पुढाऱ्याला भाऊ म्हणत. एकदा रावजी आंब्याच्या कलमांना खत घालायला गेले होते तेव्हा विनीत घरी आला आणि आईला म्हणाला की तलवारीच्या म्यानाचा टाका उसवलाय, खेडला एक कारागीर आहे, नीट करून आणतो. तुळसाबाईंनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या हाती दिलं.

कारागीर वगैरे कोणी नव्हता. भाऊंचा वाढदिवस होता.

चौकात टेबलावर केक मांडला होता. फटाके वाजत होते. विनीतने मला उपसून भाऊंच्या हाती दिलं आणि भाऊंनी मला केकमध्ये खुपसलं. ज्या पात्याने राष्ट्रपतींना मानवंदना दिली होती, त्यावरून गुलाबी क्रीम ओघळत मुठीपर्यंत आलं. कोणीतरी बोटाने ते चाटलं. सगळ्यांचे फोन वर झाले होते. विनीत हसत होता, भाऊंच्या खांद्याला खांदा लावून.

ते चित्रण गावोगाव फिरलं आणि पोलिसांपर्यंत पोचलं. भाऊंनी सांगून टाकलं की तलवार आपण आधी कधी पाहिलीसुद्धा नव्हती, त्या पोराने हौसेने आणली, त्याचं तो जाणे. विनीतला ठाण्यात बसवलं. मला एका टेबलावर ठेवून माझ्या मुठीला कागदाची चिठ्ठी बांधली.

रावजी आले. इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकांची पट्टी. ती पट्टी पाहून मला धीर आला. आता हे सांगतील मी कोण आहे ते, असं मला वाटलं.

ठाण्याचे अधिकारी वयाने लहान पण बोलायला नम्र होते. त्यांनी रावजींना खुर्ची दिली, चहा मागवला. मग समजावून सांगितलं, की तलवार खरी असेल तर परवाना लागेल, तो नाही, म्हणजे मुलावर हत्यार बाळगल्याचा गुन्हा लागतो आणि प्रकरण कोर्टात जातं. शोभेची असेल, जत्रेत मिळते तसली, तर समज देऊन सोडता येईल. धार तर नाहीच हिला.

"काका, तुम्हीच सांगा. काय आहे ही?"

रावजींनी माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या बाकावर विनीत मान खाली घालून बसला होता. रावजींनी त्याच्याकडेही पाहिलं.

"जत्रेतली हाय, साहेब," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी मला उचललं. मुठीखालचं नाव वाचलं आणि ते कोणाचं आहे, असं विचारलं.

"दुकानदार देतात कोरून. सांगाल ते नाव."

तुम्हाला वाटेल पात्याला काय कळतं. पण चौकात क्रीम लागलं तेव्हा मी परक्याच्या हातात होते. इथे मला ज्याने आयुष्यभर पुसलं, त्यानेच पुसून टाकलं. मला आणि साहेबांनाही.

विनीत सुटला. काही दिवसांनी मलाही परत दिलं. रावजी आणि विनीत मला घ्यायला आले होते. एसटीत बसल्यावर विनीत हलकेच म्हणाला, "बाबा, एवढी वर्षं आम्हाला जत्रेतलीच दाखवत होता होय?"

त्याला ते खरंच वाटलं होतं. रावजींनी मला मांडीवर घेतलं आणि कंडक्टरला तिकिटाचे पैसे काढून दिले.

घरी तुळसाबाईंनी नवऱ्याला एका बाजूला घेऊन सांगितलं, "पोराला खरं सांगा. तो तुमाला लबाड समजतोय."

"सांगितलं तर तो चार लोकांत बोलेल. परत त्याच्यावरच येईल गो. समजू दे लबाड."

तेव्हा माझा राग निम्मा उतरला होता. बापाने मुलासाठी स्वतःची अब्रू मोडली, त्यात माझीही मोडली, एवढंच, असं मी स्वतःला समजावलं. गावात कुजबुज झाली. हवालदाराने सगळ्यांना बनवलं म्हणाले. शाळेतली मुलं यायची बंद झाली.

शिमग्याच्या आधी नमनाचा खेळ करणाऱ्या मंडळींनी राजाच्या सोंगासाठी तलवार मागितली. विनीतने मला भिंतीवरून काढलं आणि देऊन टाकलं. जत्रेतली वस्तू, घरात ठेवून काय करायचं, म्हणाला. रावजी ओटीवरच बसले होते. मला अडवायला त्यांच्याकडे 'खरी' हा एकच शब्द होता, आणि तो त्यांनी ठाण्यात देऊन टाकला होता.

आता माझ्या पात्याला चंदेरी रंग आहे, मुठीला सोनेरी चिकटपट्टी. राजाचं काम सदू करतो. सुतारकाम करणारा गडी, मनाने चांगला. पत्र्याच्या मुकुटांच्या आणि लाकडी गदांच्या पेटीत तो मला ठेवतो. परवा तालमीला रावजी आले होते. शेजारी दुसरं कोणी नव्हतं. पोलीस नव्हते, विनीत नव्हता, प्रकरण केव्हाच मिटलं होतं. सदूने मला हातात तोलून सहज म्हटलं, "काका, जत्रेतली म्हणता, पण वजन कसं खऱ्यासारखं हाय हो."

मी वाट पाहिली.

रावजी हसले. "हलक्यातलं लोखंड असंच जड असतं," म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

पहिलं खोटं मुलासाठी होतं, ते मी सोसलं. हे दुसरं कोणासाठी होतं? त्यांना कोणी विचारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. त्यांना नुसती सवय झाली होती. मला ती अजून होत नाही.

वाचणाऱ्यांनो, माझी सुटका करा असं मी म्हणणार नाही. भिंतही नको आणि हळदकुंकूही नको. रावजी आता थकलेत, काठी टेकत चालतात. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात तर त्यांच्याजवळ बसा, आणि एकदाच विचारा की मेजर कारखानीस कोण होते. माझ्याबद्दल विचारू नका. साहेबांबद्दल तरी ते खोटं बोलतात का, एवढंच मला पेटीत पडल्या पडल्या ऐकायचं आहे.