वहिनीच्या गाईचं दाट दूध

केंद्रावर येणारं दूध तपासायचं काम माझं. त्या सकाळी दादाच्या किटलीतल्या दुधाच्या फॅटचा आकडा पाहिला आणि नमुना पुन्हा लावला. तोच आकडा.

"काय हो, गाय विकून म्हैस आणली का?" मागचा म्हणाला. रांग हसली. दादा हसला नाही. वहिनी गेल्यापासून त्याचा चेहरा पालथ्या भांड्यासारखा होता. काही टिकायचंच नाही त्यावर.

"फॅट वाढली. बरंच की," तो म्हणाला.

"गाय खाते का रे नीट?" मी विचारलं.

"गवत चघळते. खुराकाला तोंड लावत नाही."

काम उरकून मी त्याच्या गोठ्यात गेले. व्यायच्या आधी लोक म्हणायचे, गाय राखावी तर यानं. आता तिच्या कंबरेची हाडं वर आली होती. तोंडाशी पिकून उतरलेल्या फळासारखा गोड वास. वासरू शेजारी उड्या मारत होतं. त्याला कशाचं काय.

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शिरेतून साखरेचं पाणी सोडलं.

"आटली होती तेव्हा काय घालायचात?"

"खुराक. रोज पाटीभर."

"एवढा? कशाला?"

दादा खुंट्याकडे बघत राहिला. "हिची माय गेली होती. हिला काही कमी पडू नये, म्हणून."

डॉक्टरांनी नळी नीट केली. मग हळू सांगितलं, की आटलेली गाय लठ्ठ झाली तर व्याल्यावर तिची भूक मरते. दूध काही थांबत नाही. अंगातली साखर दुधात जाते, मग ती स्वतःची चरबी वितळवते. "म्हणून दूध दाट. स्वतःलाच देतेय ती."

"वाचेल?"

"आज नाही सांगता येणार. चार दिवस पुरती पिळू नका. निम्मं काढा, निम्मं राहू द्या."

दादानं मान हलवली, दुसऱ्या कुणाच्या गाईबद्दल ऐकावं तशी.

संध्याकाळी तो धारेला बसला. या गाईला वहिनीनं बाटलीनं वाढवलेलं. धार काढताना ती गुणगुणायची:

दे गं माय घोट घोट, थोडं राख तुझ्यासाठी
सारं देऊन रिकामी नको राहू माझ्यापाठी

"तुझ्या गाण्यापायी तांब्याभर दूध आत राहतं," दादा तिला चिडवायचा. तो शेवटच्या थेंबापर्यंत पिळणारा.

बादली निम्मी झाली.

"दादा, पुरे."

त्याचे हात थांबले. मांड्यांवर पडून राहिले, उसने आणल्यासारखे. गाईनं मान वळवून त्याची बाही हुंगली. खुराक सकाळचा तसाच होता.

"ती काय म्हणायची गं? गाण्यात?"

मी पहिली ओळ सांगितली. दुसरी माझ्या तोंडून निघाली नाही. त्यानंही विचारली नाही. कास अजून भरलेली होती. तो तिच्याकडे बघत तिथंच बसून राहिला.