व्याह्याचं भाडं

श्रीगोंद्याचे पन्नालालजी घरून निघाले तेव्हा बायकोने, धापूबाईंनी, त्यांना एकच गोष्ट बजावली होती. "सोहनला घेऊन या. नाहीतर तिकडेच दुकान टाका."

बाईंचं म्हणणं रास्त होतं. लेकीचा सातवा महिना सरत आलेला, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, आणि उद्यापासून मलमास लागणार. मलमासात सून घराबाहेर धाडायची नाही, हा म्हसावदच्या विहीणबाईंचा, म्हणजे जडावबाईंचा, कडक नेम होता. तो महिना सरेस्तोवर दिवस इतके भरले असते की पोरीला गाडीत घालायची छाती कुणाला झाली नसती. थोडक्यात, आज दिवस मावळायच्या आत सोहनबाई म्हसावदच्या वेशीबाहेर पडली तर पडली.

पन्नालालजींनी हिशेब चोख मांडला होता. रात्रभर रेल्वे, सकाळी नंदुरबार, दुपारी म्हसावद, रात्री लेकीसह शहाद्यात मामेभावाकडे मुक्काम. हिशेबात चूक एवढीच की तो श्रीगोंद्यात बसून मांडला होता.

नंदुरबारला सर्व्हिस मोटर 'आत्ता सुटते' म्हणून उभी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवी, माणसं धावत येऊन जागा धरत, मग ड्रायव्हर खाली उतरून चहा प्यायला जाई. पुन्हा भोंगा, पुन्हा माणसं, पुन्हा चहा. मोटरीत पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा ती हलली. पुढे तापी. पूल नाही, सगळ्यांनी उतरून नावेत बसायचं. नावेत एका घोडीला चढायचं नव्हतं आणि घोडीवाल्याला तिच्याशिवाय जायचं नव्हतं. नावाडी दोघांचीही समजूत काढत बसला. पैलतीरावरच्या मोटरीचं चाक शहाद्याच्या अलीकडे बसलं. पन्नालालजी शहाद्यात पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं आणि त्यांच्या पांढऱ्या अंगरख्याचा रंग तापीच्या गाळासारखा झाला होता.

बाजाराच्या तोंडाशी दोधू पाटलाचा छकडा उभा होता. दोधू म्हसावदचाच, कापूस घालून रिकामा परत निघालेला.

"अख्खी गाडी माझी," पन्नालालजी म्हणाले. "वाटेत कुणाला घ्यायचं नाही, कुठे थांबायचं नाही."

"नही ल्हेवाव, शेटजी. बठा."

गावाबाहेरच्या चिंचेखाली एक म्हातारी टोपलं घेऊन उभी होती. दोधूने बैल थांबवले, टोपलं वर घेतलं, मग म्हातारीला.

"ही कोण?"

"धनुमाय शे."

"कुणाला घ्यायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"ती काय कोनी शे का? ती आमना गावनी शे."

धनुबाईने पन्नालालजींकडे असं पाहिलं, जणू गाडी तिची आणि हेच मधे चढलेत. पुढे एका मळ्यापाशी दोधूला लोहाराकडून आणलेला फाळ द्यायचा होता. फाळ दिला, वर तुरीचं पीक कसं आहे हे विचारलं, आणि समोरच्याने ते झाडन्झाड सांगितलं. ओढ्यावर बैल पाणी प्यायले. बैल प्यायले तसा दोधूही चिलीम ओढायला बसला. पन्नालालजी एकदा सूर्याकडे बघत, एकदा दोधूकडे. दोघांपैकी सूर्यच भरभर चालत होता.

"अरे, चल की बाबा!"

"चालूत ना. म्हसावद काय पळी जाई ऱ्हायनं का?"

या बोलण्याने पन्नालालजींच्या मस्तकात तिडीक गेली. आपण कोण आहोत ते कळलं की हा गडी जरा घाबरेल, आपलं वजन पडेल, असा त्यांनी अंदाज बांधला. आयुष्यात त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

"कुणाशी बोलतोयस ठाऊक आहे? मी म्हसावदच्या जेठमल शेटचा व्याही! माझी लेक आज दिवसाउजेडी निघाली नाही तर महिनाभर अडकेल. हाक आता!"

दोधूने चिलीम विझवली. हात जोडले. डोक्यावरचं पागोटं नीट केलं. पण गाडी हाकली नाही.

"इही! आमना गावना इही! शेटजी, पहिलेच सांगनं व्हतं ना! आते भाड्यानं नाव काढू नका."

"म्हणजे?"

"सोहनबाई आमना गावनी सून. तिना बापपाईन भाडं ल्हिसू? गाव माले जगू देई का?"

आता पन्नालालजी खरे पेचात सापडले. लेक दिलेल्या गावात पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही त्यांच्या घराण्याची सात पिढ्यांची रीत. त्या गावातली गाडी फुकट वापरायची म्हणजे तर पाण्याहून वाईट. त्यांनी कमरेची पिशवी सोडली.

"हे घे. आधी घे, मग हाक."

"नही ल्हेवाव."

"मग मी बसत नाही."

"बठा हो! बठानं लागीच."

"फुकट बसू? लेकीच्या गावचं खाऊ?"

"खावानं कोन सांगी ऱ्हायनं? बठानं सांगी ऱ्हायनू!"

पन्नालालजी खाली उतरले. पाहुणा पायी आणि आपण गाडीत, हे गावाने पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून दोधूही उतरला. दोघे रस्त्यात एकमेकांसमोर उभे राहिले. एकाच्या मुठीत पैसे, दुसऱ्याचे हात पाठीमागे. शेजारी सावल्या लांबत होत्या. पैसे घेण्यासाठी पन्नालालजी आयुष्यभर लोकांशी भांडले होते. देण्यासाठी भांडायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते लवकर दमले. पण मागे हटले नाहीत.

गाडीतून धनुबाई हे सगळं बघत होती. शेवटी ती सरकत पुढे आली आणि तिने कासरे हातात घेतले.

"तुम्हनं दोन्हीसनं चालू द्या. मन्ही म्हैस वाट देखी ऱ्हायनी. हऽ हऽ!"

घरची ओढ लागलेले बैल, वर फारसं ओझं नाही. धूळ उडाली आणि छकडा वळणाआड गेला. त्यातच पन्नालालजींची वळकटी होती.

"धनुमाय! ओ धनुमाय!" दोधू धावला. पन्नालालजीही धोतराचा सोगा वर धरून धावले, मग चालले, मग नुसते पाय ओढू लागले. दोघे शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता.

"तुम्हना पायी," दोधू म्हणाला.

"माझ्या पायी? तूच पैसे घेतले असतेस तर आत्ता म्हसावदात असतो!"

म्हसावदच्या शिवारात पोचेपर्यंत सूर्य पार खाली टेकला. मग शेताच्या बांधामागे गेला. पन्नालालजी वाटेवरच थांबले. आता घरी जाऊन धापूबाईंना काय तोंड दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात समोरून तोच छकडा आला. कासरे जावयाच्या हातात, आणि मागे पेंढ्यावर वळकटीशेजारी सोहनबाई, तोंडावर पदर, मांडीवर गाठोडं.

जावयाने उतरून पाया पडत सांगितलं, "धनुमाय घरी येऊन बोंबलली की तुमचे व्याही रस्त्यात दोधूशी भांडत बसलेत. आई म्हणाली, वळकटी आली म्हणजे माणूस आला असं धरा. दिवस मावळायच्या आत हिला बसवून वेशीबाहेर काढलं."

पन्नालालजींनी आयुष्यात पहिल्यांदाच मनातल्या मनात जडावबाईंना हात जोडले. जावई कासरे दोधूकडे देऊन घराकडे वळला.

"बसा ना, बापूजी," सोहनबाई म्हणाली.

"तू बस. मी चालतो."

"शहाद्यापर्यंत?"

"शहाद्यापर्यंत."

"का?"

बापूजींनी दोधूकडे बोट दाखवलं. दोधूने बापूजींकडे. लेकीला सगळं कळलं, कारण बापाला ती जन्मापासून ओळखत होती. तिने गाठोडं बाजूला ठेवलं, एका हाताने पोट सावरलं आणि चाकावर पाय ठेवून उतरायला लागली.

"हे काय करतेस!"

"तुम्ही चालणार तर मीही चालते."

"या अवस्थेत? सोहन, वर बस!"

"आधी तुम्ही."

तिचा दुसरा पाय हवेत लोंबकळू लागला. दोधूने बैलांची तोंडं धरली आणि म्हणाला, "शेटजी, पोर पडी जाई!"

पन्नालालजींनी पुढे होऊन लेकीला आधार दिला. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी पेंढ्यावर पसरलं, चारी कोपरे ओढून नीट केले, आणि वर चढून अंग चोरून त्याच्या बरोबर मधोमध बसले. गुडघासुद्धा बाहेर जाऊ दिला नाही.

"मी माझ्या उपरण्यावर बसलोय," त्यांनी जाहीर केलं. "गाडीत बसलेलो नाही."

दोधूने मान हलवली, कासरे उचलले, आणि बैल दोन पावलं चालल्यावर मागे वळून विचारलं, "बरोबर शे, शेटजी. पण उपरनं कोना गाडीवर शे?"

"ते उपरण्यालाच विचार," पन्नालालजी म्हणाले. "हाक आता."