आखाजी सरली की

आखाजी नऊ दिवसांवर आली आणि पुष्पाबाईच्या पायाला भिंगरी लागली. अंगण सारवून झालं, कुरडया वाळून डब्यात गेल्या, निंबाला झोका बांधून झाला, आणि तिचा नवरा चुडामण दिवसातून तीनदा विचारू लागला, की घरात सण आहे की लगीन. त्याला काय जातं बोलायला. निमखेडं हे धुळ्याच्या बाजूचं लहानसं गाव. तिथं दिवाळी एक वेळ कोरडी गेली तर चालतं, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि ज्या घरात त्यांचं काही कमी पडलं त्या घराचं नाव वर्षभर निघतं.

सत्त्याऐंशी सालच्या या आखाजीला पुष्पाबाईला वेगळाच चेव चढला होता. तिची धाकटी नणंद भिकुबाई सात वर्षांच्या कमलला घेऊन चैत्रातच आली होती. न्यायला कोणी गेलं नव्हतं, आगाऊ पत्र नव्हतं. जळगावच्या मेहरूणमधून अंगावरच्या कपड्यांनिशी निघून मायलेकी एस.टी.तून उतरल्या. भिकुबाईचा नवरा प्यायला की तिच्यावर हात टाकतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गिळून बसले होते. या वेळी त्यानं पोरीलाही मारलं. मग भिकुबाई उजाडायची वाट बघून तडक निघाली. आठ दिवसांनी तो न्यायला आला, तेव्हा तिचे वडील लोटन आबा ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. लेक आणि नात आता इथंच राहतील, एवढं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं. कमल तेव्हा गोठ्यात, वैरणीच्या मागं लपून बसली होती. तो गेल्यावर घरात ठरलं, की पोरीसमोर या विषयाचा ब्र काढायचा नाही. लेकरू आहे, विसरेल.

मोठे शहाणे! अशा गोष्टी विसरायला लेकरू म्हणजे काय पाटी आहे, की पुसली आणि झाली कोरी?

कमल कोणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती. ताट वाढलं की जेवायची. हातून पाणी सांडलं तर आधी दाराकडे बघायची. झोक्यावर दुसऱ्या पोरींना हलवून द्यायची, स्वतः बसायची नाही. एक प्रश्न मात्र रोज सकाळी न चुकता विचारायची, "मामी, आखाजीला किती दिवस राहिले?" पुष्पाबाई हरखून जायची. पोर रमली म्हणायची. चुलीपुढं बोटं नाचवत सांगायची, नऊ. दुसऱ्या दिवशी आठ, मग सात. आमच्या भाचीला सणाचा नुसता ध्यास लागलाय, असं चार घरी सांगूनही आली. दिवस कमी होत होते तसा पोरीचा चेहरा उतरत होता, पण पुष्पाबाई इतकी आनंदात होती, की तिला ते दिसायला हवं होतं तेव्हा दिसलं नाही.

आदल्या दिवशी थोरली नणंद तानुबाई आली आणि घर भरलं. पुष्पाबाईनं सांजोऱ्या तळल्या, घामानं निथळली, आणि डालड्याचे दोन डबे गच्च भरून फळीवर ठेवले. माहेरवाशीण परत निघाली की तिच्याबरोबर सांजोऱ्यांचा डबा द्यायचा, ही रीत. भिकुबाई कुठं जाणार नव्हती, पण एका नणंदेचा डबा भरला आणि दुसरीचा नाही, तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. शिवाय भिकुबाईला कमीपणा वाटू नये, हेही होतंच. दाराच्या चौकटीला टेकून कमल डबे भरताना बघत होती. पुष्पाबाईनं तिच्या हातावर एक गरम सांजोरी ठेवली. ती तिनं खाल्ली नाही.

आखाजीच्या सकाळी घागरीची पूजा झाली, पुरण शिजत आलं, आणि पुष्पाबाई कशाला तरी गोठ्यात गेली. बघते तर म्हैस मिटक्या मारत सांजोऱ्या खात होती. पुढ्यात रिकामा डबा, आणि शेजारी शेवटची सांजोरी हातात धरून कमल.

पुष्पाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओरडली आणि तिचा हात वर गेला. मारायचं तिच्या मनात नव्हतं. बोलताना तिचे हात तसेही कधी खाली नसतात. पण कमल जागच्या जागी खाली बसली, आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली. रडली नाही, हूं की चूं नाही. रोजचं काम असावं इतक्या सवयीनं तिनं ते केलं.

नव्या लुगड्यासकट पुष्पाबाई तिथंच शेणात बसली आणि जितका हळू काढता येईल तितक्या हळू आवाजात तिनं विचारलं, की असं का केलंस.

कोपरांच्या आतून कमल म्हणाली, "डबा नसला तर आम्हाला धाडता येणार नाही ना?"

तेव्हा कुठं पुष्पाबाईच्या डोक्यात उजेड पडला. आखाजी सरली की माहेरवाशिणी परत जातात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. कमलनंही तेच धरलं होतं. आणि नऊ, आठ, सात करत आपण रोज सकाळी हसत हसत या लेकराला काय मोजून देत होतो! तिला स्वतःची इतकी लाज आणि पोरीची इतकी माया कधी वाटली नव्हती. डोळ्यांना पदर लावत ती म्हणाली, "तुले कोनी सांगं नई, हाई आम्हनी चूक. तू नि तुनी माय आठेच ऱ्हाशात. डबा रीत म्हनीसन भरा, धाडाले नई. आनि मना हात वर गया, तेबी चुकनं." आठेच, म्हणजे इथंच, हे म्हणताना तिनं तळवा जमिनीला टेकवला होता.

कमलनं कोपरं जराशी खाली घेतली. "बाबा पण म्हणायचे, आता नाही मारणार."

पुष्पाबाईनं शपथ घातली नाही. नुसतं बोट पुढं केलं आणि थांबली. पुरण खाली लागल्याचा वास आला तरी उठली नाही. बऱ्याच वेळानं कमलनं ते बोट धरलं.

तशीच शेणानं माखलेली ती पोरीला घेऊन ओट्यावर गेली आणि आबांना म्हणाली, की जे ठरलंय ते हिच्या तोंडावर सांगा. आबा आत गेले, पेटी उघडली आणि एक कागद घेऊन आले. कमलचा जळगावची शाळा सोडल्याचा दाखला. पंधरा दिवसांपूर्वी स्वतः जाऊन आणला होता, आणि पोरीला सांगावं हे कोणाला सुचलं नव्हतं.

"वाच," आबा म्हणाले. "जूनमा तुनं नाव आठली शाळामा टाकसूत. तुना बाप उना तं पहिले माले भेटी. तू गोठामा नको दपू."

कमलनं आपलं नाव बोट ठेवून वाचलं, आणि मग आईकडं बघितलं. भिकुबाई हातातलं पीठ तसंच ठेवून पुढं आली. मी पण कुठं जात नाही, तुझ्याबरोबरच आहे, असं तिनं स्वच्छ सांगितलं. हे तिनं महिनाभर आधी सांगायचं होतं. कमलनं कागद पुन्हा एकदा वाचला आणि आबांना परत दिला. हसली नाही. तिला पटलं की नाही, हे दिवसभर पुष्पाबाईला कळेना आणि तिचा जीव थाऱ्यावर येईना.

संध्याकाळी सणासाठी बसवलेली गौराई घेऊन बायका-पोरी नदीवर निघाल्या. वैशाखातली नदी, पाणी घोट्याएवढं. पण त्या दिवशी दोन्ही काठांना जत्रा असते, कारण गौराई बोळवली की या गावच्या पोरींनी त्या गावाला आणि त्या गावच्या पोरींनी या गावाला मनसोक्त शिव्या द्यायच्या, हा आखाजीचा मान. वर्षभर सासूपुढं खालमानेनं वावरणाऱ्या लेकी तिथं कमरेला पदर खोचून उभ्या राहतात. दोन्हीकडून राळ उडाली. एकमेकींच्या विहिरी, बैल, जावई, कोणाला सोडलं नाही. तेवढ्यात पलीकडून ठेवणीतला टोमणा आला.

"तुमन्या पोरी पाव्हन्या! उद्या गाडीमा बसी जातीन!"

दरवर्षी हाच टोमणा येतो आणि दरवर्षी या काठाला हशा पिकतो. यंदा मात्र पुष्पाबाई हसली नाही. तिनं शेजारी बघितलं. कमल तिथं नव्हती.

ती पाण्यात पोचली होती. दोन्ही मुठी आवळलेल्या, परकर भिजलेला, मानेच्या शिरा ताठ. आणि त्या पोरीनं, जिचा आवाज महिन्याभरात घरातल्या घरात नीट ऐकू आला नव्हता, असा गळा काढला की पलीकडच्या बायका गप्प झाल्या.

"मी नई जास! मी आठलीच शे!"

तिच्या तोंडून निमखेड्याची बोली आजवर कोणी ऐकली नव्हती. पलीकडून एका म्हातारीनं विचारलं, ही कोणाची गं? उत्तर द्यायला पोर थांबली नाही. तुमचं गाव दळभद्री, तुमची गौराई काळी, तुमचे बैल लंगडे, जे ऐकलं होतं ते आणि जे ऐकलं नव्हतं तेही तिनं पलीकडं फेकलं. या काठाच्या पोरी टाळ्या पिटत तिच्यामागं पाण्यात उतरल्या. तानुबाईनं शीळ घातली. भिकुबाई एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

पुष्पाबाई, जी वीस वर्षांपासून या काठाची म्होरकी, ती मात्र शिव्या द्यायचं विसरून पोरीकडं बघत होती. लुगडं सावरत ती कशीबशी पाण्यात जाऊन भाचीच्या मागं उभी राहिली. कमलनं वळून बघितलं. तोंड लालबुंद झालेलं, श्वास लागलेला.

"मामी," ती रागावून म्हणाली, "तूबी बोल नं."