डाव्या हाताचा साचा

लकवा मारून गेल्यापासून जगदेव मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. उजव्या हातात घास धरवत नव्हता, तिथं करवत कुठली! इंझोरीतल्या अर्ध्या घरांच्या चौकटी त्याच्या हातच्या, आणि खुद्द त्याच्या पोराच्या नव्या घराला आता लोखंडी चौकट बसायची होती. ऋषिकेश तसं सांगूनच गेला होता. सोमवारी चौकट उभी करायची; सागवानाची झाली तर ठीक, नाहीतर कारंज्याहून तयार आणतो.

सुताराच्या दाराला लोखंड! कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पोराला जे बोलायचं ते तिनं पडवीत फळ्या आपटून नवऱ्याला ऐकवलं. चौकटीची लाकडं त्यानं पोळ्याआधीच रंधून, खुणा आखून ठेवलेली. राहिल्या होत्या उभ्या लाकडांच्या कुसा, म्हणजे भोकात घुसणारी टोकं. डावा हात शाबूत होता. तो वाकडा जातो ना? मग त्याला वाकडं जायला जागाच ठेवायची नाही.

तिनं तीन फळ्या ठोकून पन्हाळीसारखा साचा केला. मध्ये लाकूड बसेल, दोन्ही भिंतींच्या खाचांत करवत धरली जाईल. खाचा पाडायला तिनं कोपऱ्यातली मोठी करवत उचलली.

"साच्यात घालून कापते तो सुतार कायचा? लोक हासतीन," जगदेव जड जिभेनं म्हणाला.

"हासू द्या. तुमी भिंत पाहून राह्यले, तवा कोण रडलं?"

पहिला साचा तिरपा गेला. तो तिनं चुलीत घातला. दुसरा सरळ झाला, पण कुसा कापायची बारीक करवत त्यात घातली तर ती खाचेत डुगडुगू लागली. कस्तुराबाईनं सुताराला, करवतीला आणि सागाच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. मग तिसऱ्या साच्याच्या फळ्या घेतल्या.

मागं पाय घासल्याचा आवाज आला. जगदेव भिंत धरत धरत येऊन तिच्यापाशी टेकला होता.

"मोठीचे दात फाकलेले हायेत, म्हणून खाच रुंद झाली. ज्या करवतीनं कूस कापाची, खाच तिनंच पाडा लागते. पातं पूस. आता पाह्य, फळीची कड पात्यात आरशासारखी दिसते? बाहेरची अन् आतली मिळून एकच सरळ रेघ दिसली पायजे. मोडलेली दिसली तर करवत तिरपी."

तिनं पदरानं पातं लख्ख पुसलं आणि त्या रेघेवरची नजर न हलवता खाचा पाडल्या. करवत आत फिरली, पण डुगडुगली नाही.

मग करवत त्यानं मागून घेतली. चुकलं तर जास्तीचं लाकूड नव्हतं, नवं आणायला वेळ नव्हता. कस्तुराबाईनं साचा गुडघ्यानं दाबून धरला. डावा हात अडखळला, थांबला, पुन्हा निघाला. भुसा पडत राहिला. शेवटी काप उतरला तसा जगदेवनं त्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवला आणि डोळा बारीक केला.

"केसभर उजेड दिसते."

"दिसू द्या. जिता मानूस हाय, मशीन नाई."

ऋषिकेशचा फोन आला. तो कारंज्यात दुकानापुढं उभा होता. चौकट टेम्पोत टाकू का, विचारत होता. कस्तुराबाईनं फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

"आणू नोको," जगदेव म्हणाला. फोन कानावर असतानाच त्यानं तिला मानेनं खुणावलं. "लाकूड फिरव. दुसरं टोक घे."