जेवणाच्या वेळेची गिऱ्हाइकं

थोरल्याचं वागणं आईच्या डोक्यात जात होतं. चार दिवस शिवणयंत्राला हात नाही, गिऱ्हाईक दारात आलं तरी मान वर नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन नुसतं, "आई, एकशे बारा! आई, एकशे चाळीस!"

बॅगांच्या दुकानाची वेबसाइट धाकट्या सुनेने केली होती. त्या वेबसाइटवर रोज किती माणसं येतात ते मोजायला थोरल्याने तीन फुकट साधनं लावली आणि आकडे बघून ठरवूनही टाकलं: भाड्याचं दुकान सोडायचं, घरूनच विकायचं. मालक आज पाचला किल्ली न्यायला येणार होता. तीस वर्षं ते शटर आईने स्वतः उघडलं होतं.

"ती तीन साधनं काय म्हणतात?" तिने विचारलं.

"एक एकशे चाळीस, एक नव्वद, एक साठ. फुकटचं आहे, इकडेतिकडे होणारच."

"एवढी माणसं, आणि बॅग एकालाही नको?"

"आधी बघणारच ना गं!"

"येतात कधी?"

त्याने आलेख पुढे केला. आईला अक्षरं लावायला वेळ लागे, पण उंचवटे दिसत होते. सकाळी आठ. दुपारी दोन. रात्री नऊ.

तिने बोटांवर घरची माणसं मोजली. त्याच वेळांना घरातली बारा माणसं खायला बसत, आणि हात धुतले की जो तो फोन काढून आपली वेबसाइट चार-चारदा उघडत असे, चालतेय ना बघायला.

दीड वाजता तिने पिठाचा रिकामा डबा मांडला. "फोन टाका यात. जावईबापू, तुम्हीसुद्धा."

"हा काय पोरखेळ?" थोरला चिडला.

"टाक म्हणते ना!"

दोन वाजले. जेवणं झाली. सुनेचा हात सवयीने रिकाम्या खिशाकडे गेला, परत आला. तीन. चार. आई थोरल्याला लॅपटॉप उघडू देईना. पावणेपाचला म्हणाली, "बघ आता. दीडनंतरचे सांग."

तो मनातल्या मनात वाचू लागला.

"मोठ्याने."

"शून्य. शून्य." त्याने तिसरं साधन उघडलं. "तिसऱ्यावर एक. लांबच्या गावचा. दप्तराच्या पानावर नऊ मिनिटं थांबला."

दाराची घंटा वाजली. आईने किल्ली कमरेला खोचली.

"तो एक खरा, त्याच्यासाठी वेबसाइट ठेव. बाकी आपणच होतो रे, आपल्याच उंबऱ्यात आत-बाहेर करणारे. चार दिवस घरच्यांचीच डोकी मोजून नाचलास! मालकाला मी बघते. तू ऊठ, यंत्रावर बस."