शंभरपैकी

गोविंदा शिपायानं फितीचं एक टोक भिंतीला दाबून धरलं. समितीचे अध्यक्ष अनंतराव दातार दुसरं टोक घेऊन मागं सरकत पुस्तकांच्या कपाटाला टेकले.

"खोली लहान आहे," ते म्हणाले. "इथं गुण कमी पडतील."

प्राचार्य मार्तंडराव भुसारी दारात उभे होते. देशातल्या कॉलेजांची प्रत ठरवायला दिल्लीहून नेमलेली ही समिती सकाळपासून त्यांच्या मुलींच्या कॉलेजात फिरत होती. नागपूरच्या विणकर वस्तीला लागून असलेली ती बैठी इमारत. जागेला गुण, पुस्तकांना गुण, पहिल्या वर्गात आलेल्यांना गुण. सगळे मिळून शंभर.

"मधेच शिक्षण सोडणाऱ्या मुली फार आहेत तुमच्याकडे."

"लग्नं होतात, सर. घरी मागावर माणूस लागतं. पण त्या परत येतात. आमची चंद्रकला दोन लेकरांनंतर यंदा पुन्हा पहिल्या वर्षाला बसली."

"मग तिला सोडून गेलेल्यांत धरायचं, की नव्यानं आलेल्यांत?"

अनंतराव पेन्सिल कानशिलाला लावून स्वतःच विचारात पडले, मग पुढच्या खोलीकडे वळले.

चहाच्या वेळी त्यांनी सहज चौकशी केली, "मुलंबाळं?"

"एक मुलगी, तारा. यंदा बी. ए.ला जाईल."

"इथंच ना?"

"इथंच," मार्तंडराव म्हणाले.

शब्द निघून गेल्यावर ते दचकले. ताराचा प्रवेश शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कॉलेजात झाला होता. दोन्हीकडचे निकाल शेजारी शेजारी मांडून त्यांनी स्वतःच ते ठरवलं होतं.

अनंतरावांचा चेहरा खुलला. "याला गुण नाहीत. तरी अहवालात मी हे लिहिणार."

कपबशा उचलता उचलता गोविंदाही हसला.

खुलासा करायला हवा होता, पण काय म्हणून करायचा? आपलं कॉलेज चांगलं आहे, हे ते सकाळपासून मनापासून सांगत होते. मोठं कॉलेज अधिक चांगलं, हेही त्यांनी मनापासूनच ठरवलं होतं. समितीची मोटार निघाली तेव्हा ते घाईनं फाटकापर्यंत गेले. त्यांनी हात वर केला. आतून अनंतरावांनीही हात हलवून निरोप घेतला.

पहिल्या वर्षाच्या मुली अजून वर्गातच होत्या. समितीला वर्ग भरलेला दिसावा म्हणून मार्तंडरावांनीच सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. ते आत जाताच मुली उभ्या राहिल्या.

"सर," चंद्रकला म्हणाली, "गोविंदा सांगून राहिला, तुमची तारा आमच्यासंग शिकनार म्हनते. खरं हाय का?"

मार्तंडरावांनी टेबलावरचा खडू उचलला.

"तिले इथं बसवू," तिनं खिडकीजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. "इथं हवा येते. सरका वं, पोरीहो."

बाकावरच्या मुली वह्या-पिशव्या छातीशी धरून एकमेकींना खेटल्या. कडेला एका मुलीपुरती जागा झाली. चंद्रकलेनं ती पदरानं पुसली आणि सगळ्या जणी मार्तंडरावांकडे पाहू लागल्या.