चारशे तेरावी ओळ

“तो कागद जरा खाली सरकव की पोरी,” मॅलकी टोलन म्हणाला.

“नाही सरकवता येत, काका. तुमची ओळ हवी तितका वेळ बघा. दुसऱ्याची दाखवायची नाही, असा नियम आहे.”

हेडबाई नोरीनने शाळेचं जुनं जनरल रजिस्टर टेबलावर उघडलं होतं आणि वरखाली दोन कोरे कागद ठेवून मधली एकच ओळ मोकळी सोडली होती. क्रमांक चारशे बारा, मॅलकी टोलन, वय पाच, दाखल १ सप्टेंबर १९४७. पालकाच्या रकान्यात ‘गॉन यांच्याकडे पोसायला ठेवलेला’. बस्स. एवढं तर मॅलकीला पाठच होतं.

“खालच्या ओळीतला माझा भाऊ असणार.”

“असेलही. पण तो हयात असेल तर त्याचं संमतीपत्र लागतं.”

“अगं, तो कुठाय हे ठाऊक असतं तर मी इथे कशाला तडमडलो असतो?”

नोरीनला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मॅलकीने एक्केचाळीस वर्षं डेअरीची दुधाची गाडी चालवली. तिच्या वडिलांचे कॅन त्यानेच उचलले होते. मेयो परगण्याच्या या टोकाला त्याला ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि त्याचं स्वतःचं म्हणावं असं रक्ताचं माणूस एकही नव्हतं. त्याला फक्त एक गोष्ट आठवत होती. शाळेच्या पहिल्या दिवशी रस्त्याने कुणीतरी त्याचा हात धरला होता. त्याच्याहून थोडा मोठा हात. गॉनबाईला विचारलं की ती म्हणायची, “तुला कुणी नव्हतं. जेव गुमान.” पुढे बायको ऊनाने पन्नास वर्षं ऐकून घेतलं, पण तिलाही ते स्वप्नच वाटायचं. गेल्या हिवाळ्यात ऊना गेली, आणि तेव्हापासून त्या हाताने मॅलकीचा जीव खाल्ला होता. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाला भाऊ होता की नव्हता, एवढं तरी कळू नये का?

त्यात शाळेत आता सातच मुलं उरली होती. जूनअखेर शाळा बंद, आणि रजिस्टरं खोक्यांत भरून सरकारदरबारी. नंतर अर्ज करा, वाट बघा. नियम करणाऱ्यांना काय जातंय? त्यांना सत्याहत्तर थोडंच पुरं झालंय.

नोरीनने बाहेर खेळणाऱ्या मुलांचा कानोसा घेतला. मग तिने खालचा कागद उचलून बाजूला ठेवला.

“वाचा.”

“चष्म्यानेही अक्षर लागत नाही. तूच वाच.”

“चारशे तेरा. फेलिम टोलन. वय सात. तोच दिवस, तेच घर.”

मॅलकीने फेलिम हे नाव दोनदा हळूच उच्चारून पाहिलं. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की नोरीनला पुढचं वाचवेना.

“शेवटच्या रकान्यात काय आहे? शाळा का सोडली?”

“काका, राहू द्या ना.”

“मेला का?”

“नाही, नाही. नऊ एप्रिल अठ्ठेचाळीस.” तिने ओळीवर बोट ठेवलं. “आईने नेला, इंग्लंडला.”

पत्ता नव्हता. त्याचा रकाना कोराच होता.

“आईने,” मॅलकी म्हणाला. “म्हणजे ती आली होती.”

“हो.”

“मग मी कुठे होतो?”

नोरीनने कपाटातून त्या वर्षीचं हजेरीपत्रक काढलं आणि एप्रिलचं पान लावलं. फेलिमच्या नावापुढे तो सगळा आठवडा गैरहजेरी होती, बाजूला मास्तरांनी ‘खोकला’ लिहिलेलं. मॅलकीच्या नावापुढे रोज हजेरी. नऊ तारखेलाही.

“त्या दिवशी गॉनबाईने मला आख्खं अंडं दिलं होतं,” मॅलकी म्हणाला. “अंडी विकायची असायची, आम्हाला कधी मिळायची नाहीत. मला वाटलं, मी शहाण्यासारखा वागलो म्हणून दिलं.”

“दोघांना न्यायची ऐपत नसेल हो तिची. तुमच्यासाठी परत यायचं मनात असेल.”

“असेल,” तो म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला. त्याच्या डोक्यात रस्ते फिरत होते. या भागातली एकूण एक वाट त्याच्या पायाखालची होती. गॉनांच्या घरापासून बसच्या फाट्याला जायला एकच रस्ता, आणि तो या शाळेच्या भिंतीला घासून जातो. म्हणजे आई आणि फेलिम त्या दिवशी इथूनच गेली.

“लहान वर्ग कुठे बसायचा तेव्हा?”

“इथेच, रस्त्याच्या बाजूला. या खिडक्यांखाली.”

तो उठला आणि भिंतीजवळच्या लहान मुलांच्या बाकावर कसाबसा बसला. गुडघे पार छातीशी आले. जुन्या काळी शाळेच्या खिडक्या मुद्दाम उंच ठेवत, पोरांचं लक्ष रस्त्याकडे जाऊ नये म्हणून. मॅलकीने मान वर केली. कुणाची तरी गाडी बाहेरून गेली, तिचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला. त्या बाकावरून फक्त आभाळ दिसत होतं.